दामाजीचं दार

जनीला भिंतीचं ते काम मुळात नकोच होतं. पासष्टी उलटलेली. गुडघे उठता-बसता कुरकुरत होते, आणि दोन धवले म्हटले की तिसऱ्याला गळ्यातून नुसती हवा यायची. पण चित्राबाई ऐकायला तयार नव्हत्या.

चित्राबाई कळव्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायच्या. राहायला नौपाड्यात. त्यांना आंबेखारला आणलं ते नाथानं. नाथा कंपनीत फिटर, आणि गावच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. समाजमंदिराची रस्त्याकडची लांबलचक भिंत वर्षानुवर्षं निवडणुकीच्या निशाण्या आणि साबणाच्या जाहिराती अंगावर घेत उभी होती. त्र्याण्णव साल संपता संपता नाथाच्या मनात आलं, की माघातल्या गावदेवीच्या जत्रेपर्यंत तिच्यावर गावाचा इतिहास रंगवून घ्यायचा.

"चहूबाजूंनी बिल्डिंगी उठल्यात, आतू," तो जनीला म्हणाला. "नवीन लोक विचारतात, इथे आधी काय होतं? खाजण होतं म्हणे नुसतं, खाडीचा चिखल. म्हणजे आम्ही कोण होतो मग? खेकडे?"

इतिहास लिहिलेला कुठेच नव्हता. जो होता तो जनीच्या तोंडात होता. जनी गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत धवले गाते ती बाई. तिच्या गाण्यांत गावदेवी कुठून आली ते होतं, पहिलं मिठागर कुणी बांधलं ते होतं, आणि कुठल्या घरातून कोण कुठे नांदायला गेली तेही होतं. हल्ली तिला बोलावणारी घरं कमी झाली होती. हळदीला ऑर्केस्ट्रा यायचा, आणि त्याच्या स्पीकरांपुढे म्हातारीचा आवाज कुणाला ऐकू जाणार?

चित्राबाई टेपरेकॉर्डर घेऊन दुपारच्या येऊ लागल्या. जनी ओटीवर भिंतीला पाठ टेकून बसायची, पाय लांब करायची आणि गायची. एक दिवस गायलं की दोन दिवस नुसतं पडून राहावंसं वाटायचं. पाचव्या दुपारी खांडीचं गाणं आलं.

खांड म्हणजे बांधाला पडलेलं खिंडार. जनी आठ वर्षांची असताना खाडीला मोठं उधाण आलं होतं आणि खारं पाणी अडवणारा गावचा बांध फुटला होता. पाणी आत शिरलं असतं तर तीन-चार वर्षं भात पिकलं नसतं. सगळं गाव बांधावर धावलं. कुणी पाटी-कुदळ आणली, कुणी पेंढा, कुणी बाज. ते गाणं जनीच्या आत्यानं, ठमाबाई आतूनं, रचलं होतं. त्यात घराघराचं नाव होतं. जनी डोळे मिटून एकेक घर म्हणत गेली. तोंडाला सवय होती, डोकं दमलं होतं, आणि त्या झापडीत ती ओळही बाहेर आली.

*दामाजीचं दार गो बाई, दार नाय उघडलं.*

चित्राबाईंनी टेप थांबवला. "म्हणजे हे एकच घर आलं नाही?"

जनीनं डोळे उघडले. समोर टेपचा तांबडा दिवा विझला होता. त्याच क्षणी बोलली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण बोलायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची? अठ्ठेचाळीस वर्षं मागे जायचं, ते या गुडघ्यांनी?

"गान्यान तसा हाय," ती म्हणाली. "पानी दे गो जरा."

पौषात भिंत भरत आली. चित्राबाईंचा हात चांगला होता. डाव्या अंगाला मिठागरं, डोक्यावर मिठाच्या पाट्या घेतलेल्या बायांची रांग, मग गावदेवी, मग लग्नाचा मांडव. आणि मधोमध, सगळ्यांत मोठी, खांड. हिरवंकाळं पाणी, आणि बांधावर वाकलेली साठ-सत्तर माणसं. नाथानं हट्टानं प्रत्येकाखाली नाव घालायला लावलं होतं. लोक आपापले आजे-पणजे शोधत भिंतीपुढे उभे राहायचे. बाया बोटानं नाव चाचपायच्या.

जनी पहिल्यांदा गेली ती रॉकेलच्या रांगेतून परतताना. तिनं ठमाबाईला शोधलं, आपल्या बापाला शोधलं. मग नजर उजव्या टोकाला गेली. तिथे एक घर होतं. एकटं. कौलं नीट, ओटी सारवलेली, आणि दार बंद. खाली नाव होतं: दामाजी.

रॉकेलचा डबा तिनं खाली ठेवला.

गाण्यात ओळ गिळता येते. तिनं ती कितीदा तरी गिळली होती. दामाजीच्या घरचं कुणी मांडवात बसलेलं दिसलं की ती खोकायची, पाणी मागायची, पुढच्या घरावर जायची. त्यांच्या पाठीमागे मात्र म्हणायची, कारण त्या ओळीला बाया हसायच्या, मागोमाग म्हणून झेलून धरायच्या. भिंतीला असं काही येत नव्हतं. कोण समोरून चाललंय हे न बघता ती दिवसभर तेच सांगत उभी राहणार होती.

दामाजी केव्हाच गेला होता. त्याचा मुलगा भिवाजी, तोही जाऊन सहा वर्षं झाली होती. मागे भिवाजीची बायको सखुबाई होती, जनीच्याच वयाची. रोज सकाळी ती सुकी मासळी टोपलीत घेऊन ठाण्याला विकायला जायची. तिचा रस्ता समाजमंदिरावरून होता. त्या आठवड्यापासून जनीला ती आपल्या मागच्या गल्लीतून जाताना दिसायला लागली. चिखलाची, गटाराच्या कडेकडेची गल्ली. उगाच अर्ध्या मैलाचा वळसा. चाळीस वर्षांत सखू जनीच्या दारावरून गेली नव्हती, आणि आता रोज जात होती, मान न वळवता.

चौथ्या दिवशी जनीला राहवलं नाही. "सखू, इकरशी कशी गो?"

सखुबाई थांबली. डोक्यावरची टोपली तिनं एका हातानं सावरली. "तिकरशी दार लावलंय," ती म्हणाली आणि चालू लागली.

पुढच्या सोमवारी परत येताना ती आपण होऊन जनीच्या ओटीच्या कडेला टेकली. रिकामी टोपली मांडीवर. भांडायला आली असती तर जनीला सोपं गेलं असतं. पण तिच्या अंगातही तेवढं त्राण दिसत नव्हतं.

"नातीचा जमलंय मोहने गावाला," सखुबाई म्हणाली. "काल पावने आयले व्हते. पोराचा काका शिकलेला, भिंतीवरची सगली नावा मोठ्यानं वाचित गेला. मंग इचारलंन, यो दामाजी कोन? तुमच्याच घरचा का?"

"मंग?"

"आमचा देवराम बोलला, नाय. आमचा कोनी नाय त्यो." सखुबाईनं टोपलीची एक सुटलेली काडी आत खोचली. "सख्खा आजा. ज्याच्या घरान जल्मला त्याला बोलला, कोनी नाय."

तेवढं सांगून ती उठली. त्या दुपारी जनीनं चूल पेटवली नाही. पेज होती ती प्यायली आणि पडून राहिली. झोप काही लागली नाही. ऊन जरा कलल्यावर ती उठून भिंतीकडे गेली.

चित्राबाई स्टुलावर उभ्या राहून मांडवाची तोरणं रंगवत होत्या. जनीनं त्यांना खाली उतरवलं, आणि पायरीवर बसून सगळं सांगितलं.

सतरा वर्षांची असताना तिला भिवाजीच्या घरून मागणी आली होती. बोलणी झाली, सुपारी फुटायचीच बाकी होती. मग काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी पलीकडच्या गावची सखू केली. त्यानंतर महिन्याभरात गावात दुसरं एक लग्न होतं. ठमाबाई तापानं पडली होती, म्हणून पहिल्यांदाच जनी गायला उभी राहिली. हळदीच्या गाण्यांत एकमेकांच्या घरांना टोमणे मारतातच. खांडीचं गाणं चालू झालं आणि दामाजीचं नाव आलं. ठमाबाईची ओळ होती, *दामाजीचं दार गो बाई, दार गेलं खांडीला.* कारण त्या दिवशी पाणी पेंढ्याला ऐकेना, तेव्हा दामाजीनं आपल्या घराचं सागवानी दार बिजागऱ्यांसकट उपटून आणलं, खांडीत आडवं टाकलं आणि त्याच्यावर स्वतः छातीपर्यंत पाण्यात उभा राहिला. बांध धरला तो त्या दारावर.

"मी शेवट बदलला," जनी म्हणाली. "बाया हसल्या. सगल्यांना म्हाईत व्हता खरा काय तो. म्हनून तं हसल्या. दामाजी आदल्या सालीच मेलेला. त्यो असता तं त्यो बी हसला असता."

मग ते हसणारे एकेक करून मेले. ओळ उरली, आणि मागून आलेल्यांनी ती खरी धरली. पोरं भिवाजीच्या मुलांना 'दारबंद' म्हणायला लागली. घराला नाव पडलं दारबंदाचं घर. त्या ओळीनं जनीला मात्र धवलारीण केलं. गावोगावच्या बाया म्हणायच्या, ती दारवाली जनी बोलवा.

चित्राबाईंनी हातातला ब्रश फडक्याला पुसला. "आजी, हे मला त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"दमलेली व्हतू," जनी म्हणाली. यापेक्षा खरं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

चित्राबाईंनी नाथाला बोलावलं. संध्याकाळी मंडळाची माणसं समाजमंदिरात जमली. जनीनं पुन्हा तेच सगळं सांगितलं, पहिल्यापेक्षा थोडक्यात. तिला वाटलं होतं लोक चिडतील, शिव्या देतील. झालं वेगळंच. त्यांनी तिच्यावर विश्वासच ठेवला नाही.

"आतू, तुझं वय झालंय," नाथा समजुतीनं म्हणाला. "अख्ख्या गावाला ते गाणं पाठ आहे. माझी आई म्हणायची. आता तू बोलतेस ते खोटं होतं?"

"मी केलेला खोटा मला नाय कलनार?"

कोपऱ्यातून धोंडीबा उठला. बासष्टीचा, अंगात स्वेटर, गावातल्या मोजक्या जुन्यांपैकी. "अरे, मी सोता बगितलंय," तो म्हणाला. "मी पाच वर्सांचा व्हतू, आयसच्या कडेवर. सगला गाव पलतंय आनि दामाजीचा दार बंद. आतून कडी. माज्या डोल्यासमोर हाय अजून."

जनीला कळत होतं, तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते खरंच दिसत होतं. तिनंच त्याच्या डोळ्यांत घातलं होतं, दर लग्नाला थोडं थोडं करून. घराला दारच उरलं नव्हतं, मग कडी कुठली? पण हे त्याला आता कोण पटवणार, आणि कशानं?

"सखूकडनं बोंबलाची टोपली पोचली वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोन-चार जण हसले.

नाथानं हात वर करून त्यांना गप्प केलं. जत्रा चार दिवसांवर आली आहे, नगरसेवक उद्घाटनाला येणार आहेत, आता काही बदलायचं नाही असं ठरवून सगळे उठले. चित्राबाई जनीला घरापर्यंत सोडायला आल्या.

"मी उद्या गुपचूप पुसून टाकू का?" त्यांनी विचारलं.

"तू बाहेरची. तू पुसशील तं परत रंगवतील, नि तुलाच बोलतील," जनी म्हणाली. "मला रंग कालवून दे. कालवायचा कसा ता मला नाय कलत."

दुसऱ्या दिवशी भर बारा वाजता, रस्त्यावर वर्दळ असताना, जनी भिंतीपुढे स्टूल घेऊन बसली. लग्नघरात तांदळाच्या पिठानं तिनं शेकडो चौक काढले होते. पण पिठाचं पाणी बोटातून आपोआप उतरतं. ऑइलपेंट चिकट, ओढायला जड. मनगट लगेच भरून आलं. तिनं बंद दारावर काळा रंग फासला, पुन्हा फासला, फळ्यांच्या रेघा बुजेपर्यंत. दाराच्या जागी एक काळं भोक उरलं. मग ती स्टूल सरकवत सरकवत बांधापर्यंत आली आणि पाण्यात एक दार काढायला गेली. ते काही जमलं नाही. तपकिरी, वाकडा चौकोन झाला, पाण्यात पडलेल्या बिस्किटासारखा. त्याच्यावर माणूस काढायची तिची छाती झाली नाही. चित्राबाई पुढे झाल्या आणि दहा मिनिटांत त्यांनी माणूस काढला, छातीपर्यंत पाण्यात, हात पसरलेला. खाली दामाजीचं नाव जनीनं त्यांनाच लिहायला लावलं.

तोवर गर्दी जमली होती. नाथा कामावरून सायकल मारत आला. त्यानं भिंतीकडे पाहिलं, मग जनीच्या रंगानं बरबटलेल्या हातांकडे.

"काय केलंस गो आतू," तो म्हणाला. आवाजात राग कमी, थकवाच जास्त होता. "सगळ्या चित्राची वाट लावलीस."

"व्हय," जनी म्हणाली. "मीच लावलेली."

रंग ओला होता, जत्रा तीन दिवसांवर. भिंत तशीच राहिली. उद्घाटनाला नगरसेवकांनी त्या काळ्या भोकाकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं, तेव्हा नाथानं "जुनं घर" एवढंच सांगितलं. जत्रेत लोकांनी दोन्ही बाजूंनी तोंडसुख घेतलं. कुणी म्हणालं, म्हातारी भ्रमिष्ट झाली. कुणी म्हणालं, असेलही खरं, आपण कुठे बघायला होतो. धोंडीबा शेवटपर्यंत कडीवर ठाम होता.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी जनी सखुबाईकडे गेली. त्या घराच्या ओटीवर ती अठ्ठेचाळीस वर्षांत चढली नव्हती. सखुबाई सुपात सुका जवळा निवडत बसली होती. तिनं बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. जनी खांबाला धरून हळूहळू खाली बसली आणि सांगायला लागली. अर्ध्यातच सखुबाईनं हात केला.

"मला म्हाईत हाय."

"भिंतीवरून?"

"लगीन झाल्यावर पयल्याच पावसान त्यांनी सांगितला. दार खांडीला दिलं, मंग वरीसभर घराला गोनपाट लावलेला. माजी सासू रातची जागी बसं कुत्र्यांच्या भ्यानं." सखुबाईची बोटं जवळ्यातून फिरतच होती. "मी बोललू, मंग तुमी बोलत का नाय? जाऊन सांगा चार मानसांत. तं ते बोलले, पोरगी रागावलीय. चूक आपलीच हाय. बोलून झाला का गप बसंल."

सखुबाईनं एक खडा सुपाबाहेर टाकला.

"तू गप नाय झालीस," सखुबाई म्हणाली.

आत कुणीतरी भांडी लावत होतं. जनीला वाटलं, आता रडू येईल, आलं तर बरं होईल. पण आलं नाही. भिवाजी ओटीवर विडी ओढत बसलेला तिला आठवला. रस्त्यानं ती गेली की तो मान खाली घालायचा. तिला वाटायचं, ओळ झोंबलीय म्हणून घालतो. ती दरवेळी खुश व्हायची.

"माज्या दोन पोरांना गावान कोनी पोरगी दिली नाय," सखुबाई पुढे म्हणाली. "लांबून आनल्या सुना. देवराम शालेतून रडत यायचा, मंग शालाच सोरलीन. आता तू येऊन सांगतस. मी काय करू त्याचा? सांग ना. सुपान घेऊ?"

"काय नको करू," जनी म्हणाली. "मला सांगायचा व्हता."

"सांगून झाला."

जनी उठायला गेली, पण गुडघ्यानं साथ दिली नाही. सखुबाईनं सूप बाजूला ठेवलं, तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं आणि लगेच हात काढून घेतला.

"नातीचा लगीन फाल्गुनान हाय," ती म्हणाली. "ये जेवाला. गायाची नाय पन. डोंबिवलीची धवलारीन सांगितलीय."

"बरा केलास," जनी म्हणाली, आणि तिला खरोखरच तसं वाटलं.

लग्नाला ती गेली. मांडवाच्या कडेला, बायांच्या मागे बसली. डोंबिवलीची बाई पंचेचाळिशीची, गळा खणखणीत. तिनं आपल्या गावची गाणी म्हटली, आपल्या गावच्या देवी, आपल्या गावची घरं. आंबेखारच्या बायांना ती झेलायला नीट जमत नव्हती. मध्येच दोघी-तिघींनी मागे वळून जनीकडे पाहिलं. ती पदर डोक्यावर ओढून मांडीकडे बघत राहिली.

पंगतीत देवराम वाढायला होता. जनीच्या पानापुढे आला तेव्हा जरासा अडखळला. मग त्यानं भात वाढला, वर वाल घातले, आणि पुढच्या पानाकडे सरकला. थोड्या वेळानं तो पुन्हा आला आणि न विचारता आणखी भात वाढून गेला. तिची भूक केव्हाच संपली होती, पण पानात टाकणं बरं दिसलं नसतं, म्हणून जनी एकेक घास करत सगळं जेवली.